बांधावर फेकलेले खत

आषाढ लागला की पालघर तालुक्याच्या किनारपट्टीवरील वाड्यांचे रूप पालटते. घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर अशा गावांतून नारळाच्या आळ्यांत, भाजीच्या वाफ्यांत आणि कुंपणाच्या कडेने टाकळा, केना, माठ, घोळ व नाना जातींचे गवत पाहता पाहता गुडघाभर वाढते. मग खुरपणी सुरू होते. घरातील स्त्रिया दिवसभर वाकून तण उपटतात, टोपल्या भरतात आणि त्या बांधापलीकडे, रस्त्याच्या कडेला किंवा ओहोळात रित्या करतात. वाडी स्वच्छ झाली म्हणून समाधान मानले जाते. त्याच आठवड्यात त्याच घरातील माणूस खताची गोणी आणण्यासाठी बोईसरच्या बाजाराची वाट धरतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तण पिकाचा शत्रू आहे, हे कोणी नाकारणार नाही. ते पिकाच्या तोंडचे अन्न, पाणी आणि ऊन पळविते. परंतु उपटलेले तण हा शत्रू राहत नाही. ज्या जमिनीचे अन्न त्याने घेतले, ते सर्व त्याच्या अंगात साठलेले असते. ते त्याच जमिनीला परत करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि कर्तव्यही. ते बांधावर फेकणे म्हणजे चोर पकडून त्याला मालासकट सोडून देण्यासारखे होय.

पहिल्या पावसाची लूट

ही गोष्ट कोकणात विशेष ध्यानी घ्यावयास हवी. पालघरच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उन्हाळाभर तापलेल्या कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडताच मातीतील सूक्ष्म जंतू एकदम जागे होतात आणि सेंद्रिय द्रव्य कुजवून त्यातील नत्र मोकळे करतात. पिकाची मुळे तेव्हा एक तर नसतात किंवा अगदी कोवळी असतात. हे मोकळे झालेले नत्र पाण्यात सहज विरघळते आणि पुढच्या मोठ्या सरीबरोबर खाली झिरपून वा ओहोळावाटे खाडीत निघून जाते. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत तर ही गळती फारच जलद होते.

या लुटीच्या वेळी जमिनीत मुळे रोवून उभे असते ते तणच. वाहून जाणाऱ्या नत्राचा आणि पालाशाचा मोठा भाग ते आपल्या पानांत व खोडांत धरून ठेवते. समुद्राकडे निघालेले जमिनीचे धन तणाने वाटेत अडविले आणि शेतकऱ्याने ते उचलून ओहोळात टाकले, तर दोष तणाचा नव्हे.

डोंगरमाथ्यावरील झाडांची पाने व इतर कुजके द्रव्य पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येऊन जमिनी सुपीक होत असत आणि पुढे ही व्यवस्था मोडली, याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात लक्ष वेधले होते. बाहेरून येणारे ते धन आज फारसे उरलेले नाही. निदान घरचे तरी बाहेर जाऊ नये.

जाळण्याची परंपरा

या भागात तणाची दुसरी वाट म्हणजे आग. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या, गवत आणि शेण यांचे थर रचून जाळावयाचे, ही राबाची पद्धत जुन्या ठाणे जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याचा हक्क हा एके काळी शेतकरी आणि जंगलखाते यांच्यातील मोठ्या तंट्याचा विषय होता. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील हा प्रश्न आला होता. पुढे डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी यांनी राबाचा शास्त्रीय अभ्यास करून तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला.

राबास केवळ अडाणीपणा म्हणून हसणे योग्य नाही. आगीच्या धगीने वरच्या थरातील तणाचे बी मरते, काही किडी व रोगबीजे नष्ट होतात आणि राखेतून पालाश मिळतो. परंतु त्याची किंमतही मोठी आहे. जळणाऱ्या द्रव्यातील कर्ब व बहुतेक नत्र धुरावाटे हवेत जाते. जमिनीस भुसभुशीतपणा देणारे आणि पाणी धरून ठेवणारे जे काही त्यात होते, त्यातील मूठभर राख तेवढी उरते. रोपवाटिकेच्या लहानशा तुकड्यापुरता हा व्यवहार कोणी चालू ठेवला, तर त्याच्याशी वाद घालत बसण्याचे कारण नाही. वाडीतील आणि बांधावरील सर्व तण वाळवून जाळण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे.

हे ज्ञान परके नाही

काडीकचऱ्यापासून खत करण्याच्या पद्धतीस जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संशोधन संस्थेत ही पद्धत सिद्ध केली. १९३१ मध्ये तिची माहिती देणारा ग्रंथ निघाला, तेव्हा त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचे नाव होते. शेतातील तण, काड्या, पाने, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख एवढ्याच सामग्रीवर ती पद्धत उभी होती.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे ‘नाडेप काकां’नी, जमिनीच्या वर बांधावयाच्या जाळीदार टाकीची पद्धत रूढ केली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा विटांच्या टाकीत सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, त्यास केवळ ९० ते १०० किलो शेण आणि भरपूर माती असे तिचे प्रमाण आहे. खत तीन-चार महिन्यांत तयार होते. गुरे कमी झालेल्या गावांत ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण थोडक्या शेणात पुष्कळ खत होते. कोकणातील भातशेतीसाठी डॉ. एन. के. सावंत यांनी सांगितलेल्या चारसूत्री पद्धतीचे पहिले सूत्रही हेच, की भातपिकाचे अवशेष त्याच शेतात परत घालावे. गिरिपुष्पाचा पाला चिखलात मिसळणे हे दुसरे सूत्र. तण कुजविण्याची शिकवण या परंपरेत सहज बसते.

खरा हिशेब

या खताची स्तुती करताना अतिशयोक्ती केली, तर शेतकऱ्याचा विश्वास एका हंगामात उडतो. म्हणून हिशेब मोकळेपणाने मांडलेला बरा. कोवळ्या ओल्या तणात सुमारे ८५ टक्के पाणी असते. उरलेल्या सुक्या भागात दोन ते तीन टक्के नत्र धरले, तर एक टन ओल्या तणातून साधारण तीन ते चार किलो नत्र मिळते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे टनभर तण हे साडेसहा ते साडेआठ किलो युरियाच्या बरोबरीचे झाले आणि ४५ किलोच्या एका गोणीची बरोबरी करण्यास पाच ते सात टन तण लागेल. कुजताना नत्राचा काही भाग उडून जातो, तो निराळाच. तेव्हा तणाच्या खताने गोणी उद्यापासून बंद होईल, असे कोणीही सांगू नये.

परंतु हिशेबाची ही एकच बाजू झाली. युरियात पालाश मुळीच नसतो. तणात तो भरपूर असतो, आणि नारळास सर्वांत मोठी भूक पालाशाचीच असते. पाणी भरलेल्या भातखाचरात वरून फेकलेल्या युरियातील नत्राचा निम्म्याहून कमी भाग पिकास मिळतो, बाकीचा हवेत व पाण्यात जातो. कुजलेले खत जमिनीत कर्ब वाढविते. त्यामुळे रेताड जमीन ओल धरते, आणि गोणीतून दिलेले अन्नही मुळांजवळ अधिक काळ टिकते. तणाच्या खताकडे गोणीचा पर्याय म्हणून पाहण्याऐवजी गोणी वाया जाऊ न देणारा सोबती म्हणून पाहावे.

फुलाआधीच

या साऱ्या कामात एक नियम असा आहे, की तो मोडला तर बाकीचे सर्व व्यर्थ होते. तण फुलावर येण्यापूर्वीच उपटले पाहिजे. तोपर्यंत ते खत असते. बी धरल्यावर ते कर्ज होते, आणि ते पुढील कैक वर्षे फेडावे लागते. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास प्रथम नोंदल्या गेलेल्या आणि नंतर देशभर पसरलेल्या गाजरगवताचे एकेक झाड हजारो बिया टाकते. टाकळा शेंगांवर आला, की त्याचेही तेच.

शेतकऱ्याने यासाठी दिनदर्शिकेकडे न पाहता सणांकडे पाहिले तरी पुरे. नागपंचमीस जमीन खणू नये अशी रीत आहे. पहिला ढीग त्याआधी रचलेला असावा. दुसरा गौरी-गणपतीच्या आत रचावा. गौरीसाठी तेरडा फुलला, की मुदत संपली असे समजावे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, पण त्याची शेंग तडकली की बी चहूकडे उडते, आणि ते पुढच्या वर्षी पुन्हा हजर होते.

ढीग कसा रचावा

कोकणात पावसाळ्यात खड्डा करू नये. त्यात पाणी साचते, हवा कोंडते आणि तण कुजण्याऐवजी नासते. वाडीतील उंचशा जागी, शक्यतो झाडाच्या सावलीत, जमिनीवरच ढीग करावा. त्याची रुंदी पाच-सहा फूट आणि उंची तीन-चार फूट असावी. लांबी तणाच्या मानाने ठेवावी. तळाशी नारळाच्या झावळ्यांचे देठ वा जाड काड्या आडव्या टाकाव्या, म्हणजे खालून हवा खेळते.

तण मुळांची माती झटकून, उघडीप मिळाल्यास एक-दोन दिवस सुकवून घ्यावे. केवळ हिरवे तण घातले तर त्याचा लगदा होऊन दुर्गंधी सुटते. केवळ पेंढा घातला तर तो वर्षभर कुजत नाही, कारण त्यात नत्राच्या साठ-ऐंशी पट कर्ब असतो. म्हणून दोन-तीन टोपल्या तणास एक टोपली सुका पाला, जुना पेंढा वा बारीक केलेली झावळी असे प्रमाण राखावे. अर्ध्या फुटाच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा आणि मूठ-मूठ माती व चुलीतील राख टाकावी. मासळी साफ केल्यावर उरणारा टाकाऊ भाग हे नत्राचे उत्तम साधन आहे. मात्र तो बिनमिठाचा असावा आणि ढिगाच्या मध्यभागी मातीखाली पुरावा, म्हणजे कुत्री व माश्या येत नाहीत. ढीग पुरा झाल्यावर वर झावळ्या किंवा ताडपत्री घालावी. पावसाचे पाणी ढिगातून वाहिले, तर खताचा अर्क मातीत न राहता ओहोळास मिळतो.

चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई ढिगात खुपसून काही मिनिटांनी बाहेर काढावी. हातात धरवत नाही इतकी ती तापली असेल, तर काम नीट चालले आहे. ढिगाच्या पोटातील उष्णता ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर पोहोचून काही दिवस टिकली, तर बहुतेक बियांचा जीव जातो. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग उलथावा आणि बाहेरचा भाग आत घालावा, कारण कडेचे बी उष्णतेवाचून जिवंत राहते. श्रावणात रचलेला ढीग मार्गशीर्षापर्यंत काळा, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचा होतो. उन्हाळी भाजी आणि नारळाची आळी यांस तो वेळेवर उपयोगी पडतो.

ज्यांच्याकडे ढिगाइतके तण नाही, त्यांनी कोवळे तण पिंपात पाण्याखाली बुडवून झाकून ठेवावे आणि अधूनमधून ढवळावे. तीन-चार आठवड्यांनी निघणारे पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून झाडाच्या बुंध्याभोवती घालावे. पानभाजीवर ते शिंपडू नये. त्यास वास येतो, तेव्हा पिंप घरापासून दूर असावे.

काय घालू नये

लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या मुळ्या ढिगात जगतात आणि खताबरोबर साऱ्या वाडीत पसरतात. त्या पावसाळ्यात वेगळ्या ठेवाव्या, आणि कडक उन्हात कातळावर पूर्ण वाळल्याखेरीज ढिगात घालू नयेत. रोगट झाडे, विशेषतः मर लागलेली वांगी आणि पर्णगुच्छ झालेली केळी, घालू नयेत. तणनाशक मारलेले तणही घालू नये. गाजरगवत हाताळताना हातमोजे घालावे व नाक-तोंड झाकावे, कारण त्याने कातडीस व श्वासास त्रास होतो.

या परिसरास आणखी एक इशारा आवश्यक आहे. घिवलीजवळच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. कारखान्यांचे पाणी वाहणारी गटारे, नाले आणि त्यांच्या काठची जमीन येथील तण कितीही हिरवेगार दिसले, तरी ते खतासाठी आणू नये. जलपर्णीसारखी झाडे पाण्यातील जड धातू आपल्या अंगात साठवितात. ढीग कितीही तापला तरी धातू नाश पावत नाही. तो खतातून भाजीत आणि भाजीतून पानात येतो. आपल्या वाडीचे तण आपल्या वाडीस, हाच येथील सुरक्षित नियम होय.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप मजुरीचा आहे. कारखान्यांच्या रोजंदारीमुळे शेतीस माणूस मिळत नाही, मग ढीग कोणी रचावा, असे विचारले जाते. आक्षेप खरा आहे. परंतु तण उपटण्याची आणि वाहून नेण्याची मेहनत आजही होतच आहे. ढीग वाडीतच केला तर बांधापर्यंतची खेप उलट वाचते. वाढते ते शेणकाला शिंपडण्याचे आणि उलथण्याचे काम. ते घरातील स्त्रियांच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून पडू नये. खुरपणी त्या करतात, तर उलथणी पुरुषांनी करावी, एवढी वाटणी न्याय्य आहे.

दुसरा आक्षेप तणनाशकाचा. एक फवारणी केली की तण गेले, मग एवढा खटाटोप कशाला? फवारणीने तण मरते हे खरे. पण अडचणीच्या काळी वापरावयाचे औषध रोजचे अन्न होऊ लागले, की जमिनीच्या हाती काहीच लागत नाही. मिश्र वाडीत तर एका वाऱ्याच्या झुळकेने शेजारची भाजी करपते.

आकडा कशाचा धरावा

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयात एक जुनी चूक टाळली पाहिजे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकासाची योजना सुरू झाली, त्या काळापासून कंपोस्टचे खड्डे हा कामाचा एक ठरीव आकडा होऊन बसला. पुढे रोजगार हमीतून टाक्याही बांधल्या गेल्या. खड्डा खणला, टाकी बांधली, नोंद झाली, की काम संपले असे मानण्याची सवय लागली. पण रिकामी टाकी जमिनीस काही देत नाही. बांधकामाचा हंगाम मार्चअखेरीचा आणि तणाचा हंगाम आषाढ-श्रावणाचा. या दोहोंची गाठ घालून देणे हेच कार्यकर्त्याचे खरे काम आहे. खड्डे मोजण्याऐवजी मार्गशीर्षात शेतात पडलेल्या खताच्या टोपल्या मोजाव्या.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. १ मेच्या ग्रामसभेत विषय मांडावा. आषाढाच्या आरंभी एका वाडीत सर्वांसमक्ष ढीग रचून दाखवावा आणि पंधरा दिवसांनी त्याच मंडळींना बोलावून तापलेली सळई हातात द्यावी. गावरस्त्याच्या कडेचा टाकळा कोणाच्याच मालकीचा नसतो, म्हणून तो दरवर्षी बी टाकतो. तो फुलण्यापूर्वी कापून त्याचा ढीग ग्रामपंचायतीने करावा. शेजारच्या दोन आळ्यांपैकी एकीस हे खत घालावे, दुसरीस घालू नये, आणि उन्हाळ्यात कोणती आधी सुकते ते शेतकऱ्यानेच पाहावे. असा पुरावा कोणत्याही व्याख्यानाहून बोलका असतो.

घिवलीसारख्या गावात जमीन थोडी आहे आणि ती वाढणार नाही. एका बाजूस समुद्र आहे, दुसऱ्या बाजूस कारखाने आहेत. जी आहे तिचा कस टिकविणे एवढेच शेतकऱ्याच्या हाती उरते. तो कस दर पावसाळ्यात थोडाथोडा खाडीकडे निघतो, आणि तण त्याला वाटेत धरून ठेवते. फूल येण्याआधी चार दिवसांची मेहनत केली, तर तो वाडीतच राहील.